ताळा आणि सचोटी

परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत वालूर नांवाचें एक जुनें गांव आहे. अलीकडे त्याचें नांव बाहेरच्या लोकांच्या कानीं पडूं लागलें, तें तेथील बारवेमुळें. गोल फिरत खालीं उतरणाऱ्या पायऱ्यांची ही बारव दीर्घकाळ गाळांत दडलेली होती. गांवकऱ्यांनीं ती उपसून स्वच्छ केली आणि तिचीं चित्रें मोबाईलच्या पडद्यावर दूरदूरच्या लोकांनीं पाहिलीं. पण प्रस्तुत लेखाचा विषय बारव नाहीं. ज्या पडद्यानें ही बारव जगाला दाखविली, त्याच पडद्यावर अशा गांवांतला एखादा विद्यार्थी आज बी. कॉम. चा धडा ऐकत असतो. तो धडा देणाऱ्या अध्यापकाविषयीं मला थोडें लिहावयाचें आहे.

वाणिज्याच्या अध्यापकानें संगणक, मोबाईल इत्यादि साधनें वापरावीं कीं नाहीं, हा वाद आतां उरलेला नाहीं. तीं साधनें आलीं आहेत आणि राहणार आहेत. शिवाय या विषयाची स्थिति इतर विषयांहून निराळी आहे. इतिहासाच्या अध्यापकानें पडद्यावर किल्ल्याचें चित्र दाखविलें, तर पडदा हें त्याचें केवळ साधन असतें. किल्ला आहे तेथेंच राहतो. परंतु वाणिज्याच्या बाबतींत शिकवावयाची वस्तूच यंत्रांत जाऊन बसली आहे. हिशेब संगणकांत लिहिले जातात, जीएसटीचें विवरण संगणकांतूनच भरावें लागतें, चहाच्या टपरीवरचे दहा रुपयेही युपीआयमधून येतात. तेव्हां संगणक हा या अध्यापकाचा फळाही आहे आणि फळ्यावर लिहिलेला विषयही आहे. अशा दुहेरी वस्तूच्या हातीं वर्ग देतांना आपण काय देत आहों व काय राखून ठेवीत आहों, याचा विचार त्यालाच करावा लागतो. तो दुसरा कोणी त्याच्यासाठीं करणार नाहीं.

आपल्याकडे या विद्येचें महाविद्यालयीन शिक्षण फार जुनें नाहीं. मुंबईचें सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं निघालें; पुण्याचें बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ सालचें. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादेस १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ होतें, तेथील शिक्षणाची भाषा उर्दू. औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झालें तें १९५८ सालीं, आणि परभणीकडील महाविद्यालयें ज्याच्याकडे गेलीं तें नांदेडचें विद्यापीठ १९९४ सालचें. पण हिशेबाची विद्या विद्यापीठाची वाट पाहत थांबली नव्हती. निजामाच्या राज्यांत हाली शिक्का चाले, मुंबईचा व्यवहार कलदार रुपयांत होई आणि सहा कलदारांस ठोकळ मानानें सात हाली पडत. मुंबईकडे कापूस धाडणाऱ्या पेढीच्या मुनिमाला हा बट्टा रोज बेरजेंत धरावा लागे. तो मुनीम कोणत्याही कॉलेजांत गेला नव्हता. पण लिहिलेला आंकडा खोडावयाचा नाहीं आणि पेढीची गोष्ट पेढीबाहेर न्यावयाची नाहीं, हे दोन नियम त्याला पाठ होते. हे दोन्ही नियम पुढें आपल्या उपयोगी पडणार आहेत.

प्रथम खुद्द शिकविण्याकडे पाहूं. व्हेनिसमध्यें १४९४ सालीं लुका पाचोली या संन्याशानें आपल्या गणितग्रंथांत द्विनोंदी पद्धति छापून प्रसिद्ध केली. तेव्हांपासून ही विद्या एका साध्या तत्त्वावर उभी आहे: जें कोणाच्या तरी नांवें पडतें, तें दुसऱ्या कोणाच्या तरी जमेस असलेंच पाहिजे. कागदावर हें शिकतांना विद्यार्थ्याला जो त्रास होई, तो ज्यांनीं भोगला त्यांनाच ठाऊक. रोजकीर्द लिहावी, खतावणी करावी, तेरीज मांडावी, आणि अखेर दोन्ही बाजूंत नऊ रुपयांचा फरक यावा! मग शोध सुरू. फरकाला नवानें भाग जात असेल, तर कोठें तरी ५४ च्या जागीं ४५ पडले असावेत. फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम चुकून भलत्या बाजूस गेली आहे काय तें पाहावें. हीं गमकें जुने अध्यापक हौसेनें सांगत. त्या शोधांत तास जाई, कधीं रात्र जाई. पण आपल्या हातून झालेली चूक आपणच हुडकून काढावयाची, ती दुसऱ्याच्या माथीं मारतां येत नाहीं, ही गोष्ट त्या नऊ रुपयांनीं जितकी पक्की मनावर ठसे, तितकी नीतिपाठांच्या पुस्तकांनीं क्वचितच ठसत असेल.

संगणकानें हा सारा खटाटोप काढून टाकला. बंगळूरच्या गोएंका पितापुत्रांनीं १९८६ सालीं सुरू केलेल्या उद्योगांतून निघालेला टॅली हा कार्यक्रम आज गांवोगांवच्या दुकानांतून व महाविद्यालयांतून चालतो. त्याचें नांव आपल्या 'ताळ्या'शीं किती जुळतें, हा योगायोग मला नेहमीं गमतीचा वाटतो. या कार्यक्रमांत नांवें आणि जमा सारखे झाल्याखेरीज नोंद पुढें सरकतच नाहीं. खतावणी आपोआप होते, तेरीज आपोआप जुळते, ताळेबंद क्षणांत समोर उभा राहतो. म्हणजे नऊ रुपयांचा फरक विद्यार्थ्याच्या आयुष्यांतून नाहींसा झाला. यावर हळहळणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यांत नाहीं. बेरजेची हमाली यंत्रानें उचलली, तर माणसानें ती हट्टानें डोक्यावर वाहण्यांत कांहीं पुण्य नाहीं.

परंतु यंत्रानें कोणत्या चुका नेल्या आणि कोणत्या ठेवल्या, हें नीट पाहिलें पाहिजे. हिशेबाच्या पुस्तकांत फार पूर्वीपासून सांगितलें आहे कीं, तेरीज जुळली तरी कांहीं चुका आंत राहूं शकतात. व्यवहार मुळींच लिहिला नाहीं, तर तेरजेला तें कळत नाहीं. एका रामरावाऐवजीं दुसऱ्या रामरावाच्या नांवें रक्कम टाकली, तरी कळत नाहीं. ट्रॅक्टरला नवें इंजिन बसविण्याचा खर्च भांडवली धरावा कीं किरकोळ दुरुस्तींत घालावा, यांत गल्लत केली, तरीही दोन्ही बाजू सारख्याच राहतात. मालकाच्या मुलीच्या लग्नांतला मांडव दुकानखर्चांत लिहिला, तर तेरीज हूं कीं चूं करीत नाहीं. थोडक्यांत, हाताच्या चुका यंत्रानें नेल्या. विवेकाच्या चुका आणि लबाड्या मात्र जशाच्या तशा राहिल्या. इतकेंच नव्हे, त्या आतां अधिक नीटनेटक्या दिसतात. पूर्वी खोट्या वहीच्या अक्षरांत, शाईंत, कागदाच्या जुनेपणांत कांहीं तरी खुणा राहत. छापील ताळेबंदाला असत्याचा डाग पडत नाहीं. तो खरा असो वा खोटा, सारखाच स्वच्छ असतो.

हें कल्पनेचें बोलणें नव्हे. हैदराबादच्या सत्यम् कंपनीच्या अध्यक्षांनीं ७ जानेवारी २००९ रोजीं स्वतःच पत्र लिहून कबूल केलें कीं, कंपनीच्या ताळेबंदांत दाखविलेली पांच हजार कोटींहून अधिक रक्कम अस्तित्वांतच नाहीं. ही कंपनी संगणकाचेंच काम करणारी होती. तिच्याजवळ यंत्रांची वाण नव्हती, आणि हिशेब लिहिणारे अडाणी नव्हते. तिचे ताळेबंद वर्षानुवर्षें जुळतच होते. मग न जुळणारें काय होतें? बँकेंत खरोखर पैसा आहे काय, हें उठून पाहण्याची वृत्ति.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, यंत्रानें वाणिज्याच्या अध्यापकाचें काम हलकें केलें नाहीं. तें अधिक अवघड केलें आहे. बेरजेचा वेळ वाचला, तो कोठें गेला, याचा जाब आतां त्याच्याकडे मागतां येतो. त्या वेळांत इंजिनाचा खर्च, मांडवाचा खर्च, न लिहिलेली विक्री, यांवर वर्गांत वाद झाला असेल, तर यंत्रानें त्याचें भलें केलें. पण पुष्कळ ठिकाणीं संगणकाच्या तासाला कोणती कळ दाबल्यावर कोणती चौकट उघडते, एवढेंच शिकविलें जातें आणि त्यालाच नव्या युगाचें शिक्षण असें भारदस्त नांव मिळतें. कळांची जागा कार्यक्रमाच्या दर नव्या आवृत्तीबरोबर बदलते. चार वर्षांनीं निरुपयोगी होणाऱ्या गोष्टीसाठीं विद्यार्थ्याचीं तीन वर्षें घेणें, हा सौदा खुद्द वाणिज्याच्या शिक्षकाला तरी पटूं नये.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. कारण यंत्राचे उपकारही प्रांजळपणें मोजले पाहिजेत. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला आणि ज्या अध्यापकांनीं कधीं मोबाईलवर धडा दिला नव्हता, त्यांना चार दिवसांत तें करावें लागलें. काळ्या चौकटींकडे पाहून बोलणें, समोर कोणी ऐकत आहे कीं नाहीं हें न कळणें, मध्येंच आवाज तुटणें, हें सारें झालें आणि त्याची थट्टाही पुष्कळ झाली. पण त्या काळांत धडे ध्वनिचित्ररूपानें सांठविण्याची जी संवय लागली, तिचा एक गुण माझ्या मतें दुर्लक्षिला गेला आहे. समजा, वालूरसारख्या गांवची एक मुलगी आहे. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली कीं तिचे कित्येक दिवस शेतांत जातात. वर्गांतला तास तिच्यासाठीं थांबत नाहीं. शिवाय ज्या दिवशीं ती वर्गांत असते, त्या दिवशीं 'सर, हें पुन्हां सांगा' म्हणण्याचें धैर्य तिला होत नाहीं. चाळीस माने वळतील, ही भीति असते. सांठविलेला धडा ती रात्रीं घरीं लावते, घसाऱ्याच्या गणितापाशीं थांबविते, मागें नेते, सहा वेळां ऐकते. सहाव्या वेळींही अध्यापकाच्या कपाळावर आंठी पडत नाहीं. हा लहान न्याय नाहीं. 'स्वयम्' नांवाची सरकारी धड्यांची योजना जुलै २०१७ मध्यें सुरू झाली, तिच्यांतही हाच गुण आहे; पण आपल्याच तालुक्याच्या बोलींत, आपल्याच मोंढ्यांतलें उदाहरण घेऊन बोलणाऱ्या सरांचा धडा त्या मुलीला अधिक जवळचा वाटेल, यांत संशय नाहीं.

मात्र याच सोयीच्या पोटीं एक भ्रम जन्मला आहे. तो म्हणजे, पाठविलें म्हणजे शिकविलें. व्हॉट्सॲपच्या गटावर टिपणांचीं छायाचित्रें टाकलीं, पीडीएफ टाकली, दुव्याखालीं दुवा टाकला, कीं अध्यापकाच्या मनावरचें ओझें उतरतें. त्याच्या वहींत शिकविल्याची नोंद पडते. पण वाणिज्याचा विद्यार्थीही विचारील कीं, माल समोरच्याला पोंचला काय? पोंच नसतांना विक्री लिहिणें हा हिशेबांतला दोष मानला जातो. तो दोष शिकवणींत गुण कसा ठरतो? ज्याच्या घरांत एकच मोबाईल असून तो बापाबरोबर दिवसभर बाहेर असतो, त्या मुलाच्या खात्यावर अध्यापकानें किती टिपणें चढविलीं, यावर त्या मुलाची पुंजी ठरत नाहीं. वर्गांत निदान चेहरा दिसे. न समजल्याची छाया चेहऱ्यावर दिसतांच चांगला शिक्षक थांबे. पडद्यावर धडा देणाऱ्याला ही छाया मुद्दाम शोधावी लागते. फोन करून विचारावें लागतें, दोन गणितें कागदावर सोडवून मागवावीं लागतात, कोणाचीं आलीं नाहींत याची यादी ठेवावी लागते. यंत्रानें वेळ वाचतो असें म्हणणाऱ्यांनीं हा खर्चही त्याच खात्यावर लिहावा.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांसमोर आलें, तेव्हांपासून या गोष्टीला एक विलक्षण टोक आलें आहे. विद्यार्थी प्रश्न यंत्राला विचारतो आणि उत्तर उतरून देतो. अध्यापकही कामाच्या ओझ्याखालीं तें उत्तर यंत्राकडूनच तपासून घेऊं शकतो. प्रश्न गेला, उत्तर आलें, गुण पडले, दोन्ही बाजू जुळल्या, आणि दोन माणसांमध्यें कसलाच व्यवहार झाला नाहीं. यावर कोणी यंत्राच्या बंदीचा उपाय सुचवितात. तो टिकणारा नाहीं. उलट मला वाटतें, या यंत्रानें लिहिलेलाच ताळेबंदाचा अभिप्राय वर्गांत आणावा आणि त्यांतली अप्रामाणिक जागा विद्यार्थ्यांस शोधावयास लावावी. तोंडी विचारावें, समोर बसवून विचारावें. पण यासाठीं वर्गांत माणसें कमी आणि वेळ जास्त लागतो. तालुक्याच्या महाविद्यालयांत नेमकें याच्या उलट असतें, हें मी विसरलों नाहीं.

येथवर आल्यावर कोणी म्हणेल कीं, बी. कॉम. च्या धड्यावर इतका नैतिक भार कशाला? नोकरी लागावी एवढ्यासाठीं मुलें शिकतात. त्यास माझें उत्तर थोडें जुन्या काळांतलें आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला. त्या दंग्यांत लोकांनीं मुख्यतः काय शोधलें? दागिने नव्हेत, तर कागद. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकून घेऊन त्यांनीं ते जाळले. चार वर्षांनीं, १८७९ सालीं, सरकारला दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा करावा लागला. तें सारें इंग्रजी मुलखांतलें. परभणीकडे राज्य निराळें होतें, पण वही ज्याच्या हातीं आणि वाचतां ज्याला येतें त्याचें राज्य, हा कायदा दोन्हीकडे एकच होता. ज्याला आपल्या नांवावर काय लिहिलें आहे तें वाचतां येत नाहीं, त्याच्याजवळ कागद जाळण्याखेरीज युक्तिवाद उरत नाहीं.

आज वही मोबाईलमध्यें आहे. पीककर्जाचें व्याज किती लागलें, पीकविम्याचा हप्ता कोणत्या खात्यांतून गेला, सोयाबीनच्या पट्टींत हमाली आणि तोलाई किती कापली, हें सारें कोठें तरी एका पडद्यावर असतें आणि घरांतल्या वडील माणसाला तें वाचतां येत नाहीं. तो ज्याला हांक मारतो, तो घरांतला बी. कॉम. झालेला किंवा होत असलेला मुलगा असतो. त्याला कळा दाबतां येतात. पण 'हे तीनशें रुपये कशाचे?' या बापाच्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर आहे काय? तें असेल, तर त्याच्या महाविद्यालयांतल्या संगणकांचा खर्च वसूल झाला.

याच कारणानें कांहीं अध्यापक पुस्तकांतलीं मोहन आणि सोहनचीं खातीं सोडून गांवांतला खरा व्यवहार वर्गांत आणूं पाहतात. टपरीवाल्याच्या एका महिन्याच्या युपीआय जमा रकमा घ्याव्या, दुधाची व साखरेची उधारी घ्यावी, आणि विद्यार्थ्यांस सांगावें, याचा नफा काढा. शिकविण्याच्या दृष्टीनें याहून उत्तम साधन नाहीं. येथें मुनिमाचा दुसरा नियम आठवावा. त्या यादींत कोण रोज येतो, कोणाची उधारी थकली, कोण महिन्याच्या वीस तारखेनंतर चहा बंद करतो, हें सारें दिसतें. आणि वर्गांत बसलेल्या मुलांना तीं माणसें ओळखूं येतात. लहान गांवांत नांव झांकल्यानें माणूस झांकला जात नाहीं. तेव्हां अध्यापकानें टपरीवाल्याची परवानगी घ्यावी हें तर झालेंच. पण उधारी ज्यांची आहे, त्यांची परवानगी टपरीवाला कोठून देणार? मला यावर एकच वाट दिसते. आंकड्यांची घडण खरी ठेवावी, पण नांवें, तारखा व रकमा बदलून घ्याव्या, आणि हें आपण कां केलें तें विद्यार्थ्यांस उघड सांगावें. त्या पांच मिनिटांच्या सांगण्यांत व्यवसायनीतीचा एक पुरा धडा येऊन जातो.

मुनिमाचा पहिला नियम खोडाखोडीविषयींचा. जुन्या वहींत चुकलेली रक्कम खोडून तिच्यावर नवी लिहिणें अप्रतिष्ठेचें होतें. उलट नोंद करून ती फिरवीत, म्हणजे चूकही दिसे आणि दुरुस्तीही दिसे. संगणकाच्या हिशेबांत पुष्कळ काळ असें होतें कीं, नोंद उघडावी, आंकडा बदलावा, आणि मागें काय होतें त्याचा मागमूस राहूं नये. अखेर सरकारनें नियम केला कीं, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनीं केलेल्या प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारा आणि ती नोंद बंद न करतां येणारा कार्यक्रमच वापरावा. मुनिमाला जें लाजेनें कळत होतें, तें कंपन्यांना कायद्यानें शिकवावें लागलें! पण हा नियम कंपन्यांपुरता आहे. वालूरच्या किंवा सेलूच्या एकट्या मालकीच्या दुकानाला तो लागू नाहीं. तेथें खोडावें कीं फिरवावें, हें हिशेब लिहिणाऱ्या मुलाच्या संवयीवरच राहणार. ती संवय त्याला कोठें लागते? महाविद्यालयाच्या संगणकासमोर, जेथें चुकलेली नोंद पुसून टाकण्यास एक क्षण लागतो आणि अध्यापक घाईंत असतो.

शेवटीं एक बारीकशी गोष्ट, जी ऐकून अनेकांस हंसूं येईल. टॅलीचा परवाना विकत न घेतां तो केवळ शिकण्यासाठीं म्हणून उघडला, तर तो महिन्याची पहिली, दुसरी आणि अखेरची एवढ्याच तारखांच्या नोंदी घेतो. म्हणजे शिकणाऱ्याच्या महिन्यांत तीनच दिवस! पैसे नसलेल्या विद्यार्थ्याच्या घरीं किंवा तशाच बेताच्या महाविद्यालयांत हाच कार्यक्रम असतो. कार्यक्रम करणाऱ्यांनीं आपल्या धंद्यासाठीं अशी अट घातली, यांत गैर कांहीं नाहीं. पण सतरा तारखेला विकलेल्या कापसाची पट्टी समोर असतांना विद्यार्थी विचारतो, 'सर, सतरा तारीख घेत नाहीं. काय करूं?' आणि उत्तर येतें, 'एक टाक, काय बिघडतें?' परीक्षेच्या दृष्टीनें कांहीं बिघडत नाहीं. परंतु रोजकीर्द या शब्दांत जो 'रोज' आहे, तोच त्या उत्तरानें गेला. आज सोयीसाठीं तारीख मागें नेली. उद्यां मार्चअखेरीस मालक सांगेल म्हणून ती पुढें जाईल, आणि त्या दिवशीं त्याच्या बोटांना कांहीं नवें केल्यासारखें वाटणार नाहीं. यावर उपाय खर्चाचा नाहीं. आधीं दोन आण्यांच्या वहींतल्यासारखी साधी कागदी कीर्द लिहून घ्यावी, तीवर सतरा तारीख घालावी. मग यंत्रांत पहिली तारीख टाकून, नोंदीच्या खालीं शेऱ्याची जी चौकट असते तींत लिहावयास लावावें: व्यवहार सतरा तारखेचा, कार्यक्रम ती तारीख घेत नाहीं म्हणून पहिलीस नोंदला.